दोन शिट्ट्या, दोन निर्णय: पंचांनो, या चुका टाळा

ड्राइव्ह मारत, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी मारत आलेला खेळाडू बचावपटूवर आदळला, दोघेही खाली. शिट्ट्या दोन वाजल्या. बेसलाइनवरच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवरच्या पंचाचे हात कमरेवर, म्हणजे ब्लॉकिंग: फाऊल बचावपटूचा. मागच्या पंचाची मूठ तळहातावर, म्हणजे चार्जिंग: फाऊल चढाई करणाऱ्याचा. हा मागचा पंच मी होतो. सामना आंतरशालेय बास्केटबॉलचा होता. दोन्ही प्रशिक्षक एकदम उठले, कारण दोघांच्याही बाजूने एकेक पंच उभा होता.

चूक झाली ती घाईत. शिट्टी वाजली की मूठ वर जाते, तिथेच थांबा. पुढचा इशारा करण्याआधी सहकाऱ्याकडे बघा. त्याचीही मूठ वर असेल, तर खेळ ज्याच्या क्षेत्रात आहे किंवा ज्याच्या दिशेने आलाय त्याने पुढे जावं, दुसऱ्याने मूठ खाली घ्यावी. हे सामन्याआधीच बोलून ठेवा. मला मागून दिसत होती फक्त चढाई करणाऱ्याची पाठ. सहकाऱ्याला बचावपटूचे पाय दिसत होते आणि समोरच्याने उडी घेतल्यावरही ते सरकतच होते. ब्लॉकिंगच होतं ते.

इशारे देऊन झालेच असतील तर बाजूला या, पण ‘मी चार्जिंग दिलंय’ यावर अडून बसू नका. काय पाहिलं ते सांगा: उडी घेण्याआधी बचावपटू त्या जागी उभा होता का? बास्केटखालच्या १.२५ मीटरच्या अर्धवर्तुळात होता का? तरीही जमलं नाही, तर फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे अंतिम निर्णय मुख्य पंचाचा.

डबल फाऊल देऊन सुटका करून घेण्याचा मोह मात्र टाळाच. अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलमध्ये असे उलटसुलट इशारे झाले की दोघांवरही फाऊल लावतात. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडचे नवे पंचही तसंच करू बघतात. फिबाच्या नियमांत डबल फाऊल म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांनी साधारण एकाच वेळी एकमेकांवर केलेले फाऊल. ज्या पोराने काहीच केलं नाही, त्याच्या नावावर आपल्या गोंधळापायी फाऊल का चढावा? पाचव्या फाऊलला तो बाहेर बसतो.

एकाने ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात घेऊन जादा पावलं टाकणं) आणि दुसऱ्याने फाऊल दिला, तर आधी काय घडलं एवढंच ठरवा. ट्रॅव्हलिंग आधी असेल तर नंतरचा साधा धक्का धरायचा नाही.

आणि निर्णय कळवायला गुणलेखकाच्या टेबलाकडे एकानेच जा. निर्णय बदलला असेल, तर दोन्ही प्रशिक्षकांना एका वाक्यात सांगा आणि खेळ सुरू करा.