जुन्या बाजारातली खेळणी: कलाकृतीसाठी काय उचलायचं, काय सोडायचं

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर माल मांडला जातो. सुटे पैसे, लोहचुंबक, छोटी बॅटरी, वर्तमानपत्रं आणि झिपच्या पिशव्या सोबत न्या.

कलाकृतीसाठी मोडकंच घ्या. चावी दिल्यावर चालणारं पत्र्याचं खेळणं चाकांसाठी कापू नये, ते तसंच राहू द्यावं. चाक गेलेली मोटार, हात तुटलेली बाहुली, संच फुटलेली भातुकली असं एका विक्रेत्याकडचं सगळं एकत्र करून एकच भाव विचारा. एकेक उचलून विचारलं की प्रत्येकाचा भाव वेगळा लागतो.

लोहचुंबक चिकटला तर पत्रा लोखंडी. पितळेला आणि ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. नवं खेळणं जुनं म्हणून विकलं जातं, तेव्हा झीज कुठे आहे ते बघा. मुलांच्या हातात रंग आधी कडांवरून आणि चावीभोवती जातो. सगळीकडे सारखाच गंज दिसला तर संशय घ्या.

घरी आल्यावर लगेच नळाखाली धरू नका. छापील पत्रा ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. गंज काढायला लिंबू किंवा व्हिनेगर वापरलं तर छपाईही जाऊ शकते. त्यापेक्षा आतल्या, न छापलेल्या बाजूवर मशीन ऑइलचा थेंब टाकून बारीक स्टील वूल फिरवा. लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्याला सॅनिटायझर लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला बारीक भोकं असून खाली भुकटी पडत असेल तर आत कीड आहे. ते पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये 2 आठवडे ठेवा आणि पिशवी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं.

जुन्या रंगात शिसं असतं असंच धरून चाला. घरगुती रंगांत दहा लाखांत 90 भाग ही शिशाची मर्यादा भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. म्हणून कोरडं घासणं पूर्ण बंद. पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच वापरा, हातमोजे घाला आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका. तयार कलाकृतीही लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टांगा.

पत्र्याची खेळणी दुमडलेल्या जिभांनी, म्हणजे कडेच्या छोट्या पट्ट्यांनी, जोडलेली असतात. पत्रा दोन-तीनदा वाकला की तुटतो, त्यामुळे जीभ एकदाच, चपट्या पकडीने, सावकाश सरळ करा. त्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोट कापते.

चिकटवायला झटपट चिकटणारा सुपरग्लू नको. त्याच्या वाफेने रंगावर पांढुरका थर येतो. धातूसाठी दोन ट्यूबचं इपॉक्सी समप्रमाणात मिसळा आणि रात्रभर हलवू नका. हाताला मेणचट लागणाऱ्या पॉलिथिनच्या चाकांवर तेही धरत नाही, तिथे भोक पाडून तांब्याची तार ओवा.

मऊ पीव्हीसीच्या बाहुल्या मात्र कडक प्लास्टिकला लागून ठेवू नका. त्यांतलं तेलकट द्रव्य पाझरून शेजारचं प्लास्टिक चिकट करतं, कधी वितळवतंही. मध्ये काच किंवा पत्रा घाला.