बॅक्लोफेन सुरू करताय? आधी गोळ्या मोजा

अंग आखडण्यावर बॅक्लोफेनची चिठ्ठी मिळाली की पहिल्यांदा गोळ्या मोजा. दिवसाला तीन गोळ्या असतील तर दहाची पट्टी चौथ्या दिवशी सकाळी संपते. महिन्याच्या गोळ्या आणि वर पंधरा दिवसांच्या जादा, वेगळ्या डबीत.

चिठ्ठीची झेरॉक्स, वेळांचा कागद, हे सांगायला नको. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट मात्र डॉक्टरांना दाखवाच. औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं; किडनी कमजोर असेल तर साधा डोसही अंगात साचतो आणि माणूस गुंगीत जातो.

मोठ्या माणसांत सुरुवात सहसा 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मग दर तीन दिवसांनी थोडी वाढ. घाई करू नका. पेंग, भोवळ, मळमळ येते. घरच्यांना घाबरवतं ते वेगळंच: काल धरून उभा राहणारा पेशंट आज खाली बसतो. तो ताठ पायाच्याच जोरावर उभा होता. पाय सैल पडला की गुडघा दुमडतो. म्हणून बाथरूममध्ये धरायला दांडी, पायाखाली न सरकणारी चटई आणि उठवायला एक माणूस, हे पहिल्या गोळीच्या आधी. तरी झेपत नसेल तर डॉक्टर डोस कमी करतील. तुम्ही परस्पर बंद करायचं नाही.

अजिबात नाही! गोळी एकदम थांबली तर आखडणं जोरात परततं, भास होतात, ताप चढतो, झटके येतात. बंद करायचंच तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. आणि गोळ्या संपणं म्हणजेही एकदम बंद करणंच.

कोल्हापुरात तर जूनच्या आत डबी भरा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर, इशारा पातळीला, गेल्यावर मेडिकलकडे धावायचं नाही. जोतिबाला निघालात तरी डबी खिशात, डिकीतल्या पिशवीत नको.

ताठरपणा अचानक वाढला तर डोस वाढवण्याआधी लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, टाचेची जखम, आत घुसलेलं नख बघा. पोट या गोळीनेही तुंबतं.

सोबत टिझानिडीन, म्हणजे आखडण्यावरचंच दुसरं औषध, असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालत नाही, बीपी कोसळतो. टिझानिडीनवर असताना लिव्हरची तपासणीही करून घ्या. आखडलेल्या स्नायूत देतात त्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, टिकतो तीनेक महिने. दारू बंद. गाडी चालवणं बंद.

दर रविवारी डबीतल्या गोळ्या मोजा.