बाबांच्या लिव्हर ऑपरेशननंतर घरी ठेवायची तयारी

लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढली म्हणजे हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा व्हायरस, गेला असं नाही, हे डिस्चार्जच्या आधीच सगळ्यांच्या डोक्यात बसवा, नाहीतर टाके सुकले की पेशंटच म्हणतो आता गोळ्या कशाला. व्हायरस आतच असतो, गोळी अचानक बंद केली की उसळतो आणि उरलेल्या लिव्हरवर बेततं. म्हणून आधी गोळीची वेळ ठरवा. बाबांना एन्टेकॅव्हिर आहे, म्हणजे व्हायरस दाबून ठेवणारी गोळी, ती उपाशीपोटी, म्हणजे जेवून दोन तास झालेले हवेत आणि पुढे दोन तास काही खायचं नाही, आता आमच्याकडे उठल्या उठल्या चहा-खारी लागते, झोपताना थोडं खा असं डॉक्टरांनीच सांगितलंय, मग गोळी बसवायची कुठे? शेवटी पहाटे साडेपाच. पेठेत तेव्हा नळाला पाणी येतं, आई उठलेलीच असते, हंडा भरता भरता गोळी देते, चहा साडेसातला. पहिले आठ दिवस घरात नुसती धुसफूस होती.

स्ट्रिप एक महिन्याची जादा ठेवा, आमच्या मेडिकलवाल्याकडे एकदा नव्हती आणि मी अप्पा बळवंत चौकापासून स्वारगेटपर्यंत दुकानं पालथी घातली. फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी, सीटीची सीडी, व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती) आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ताची टेस्ट) यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, सुरुवातीची दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन असतोच.

किचनमध्ये आधी दाण्याचा डबा उघडा. काळे, बुरशीचे, खवट दाणे सरळ फेकायचे, त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, लिव्हरच्या कॅन्सरला कारण ठरतं आणि भाजूनही पूर्ण जात नाही. आईने परातीत पसरून एकेक दाणा निवडला, मगच कूट. अंडी, पनीर, डाळ भरपूर द्या. गुळवेलचा काढा कोणीतरी प्रेमाने आणून देणारच, गोड बोलून बाजूला ठेवा, त्याने लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. दुखलं तरी पेनकिलर मनाने नको.

घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी आहे का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट करा, निगेटिव्ह असतील आणि आधी लस झालेली नसेल तर लस घ्या, 0, 1 आणि 6 महिने. रेझर, ब्रश, नेलकटर बाबांचं वेगळं. ताट मात्र वेगळं काढू नका हं, जेवणातून हा पसरत नाही. आत्याने काढलं होतं, बाबा काही बोलले नाहीत, अर्धी पोळी ठेवून उठले.

डोळे पिवळे, पोट फुगलं, शी काळी झाली, ताप आला किंवा असंबद्ध बोलायला लागले तर सकाळची वाट बघायची नाही. आणि रिक्षात एक उशी ठेवा पोटाशी धरायला, आपल्या रस्त्यांवर लागते.