जखमी पोरगा ड्राफ्टमध्ये किती घसरेल? अंदाज असा बांधा

मी फिजिओथेरपिस्ट. शिकले मिरजेत, नोकरी इंडियानापोलिसात. एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट येतो; त्यात बत्तीस टीम आळीपाळीने, फेरी-फेरीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. तो आला की कोण कितव्या नंबरवर जाईल यावर आमच्या मराठी टोळक्याची वीस-वीस डॉलरची पैज लागते आणि माझा फोन वाजायला लागतो. "वहिनी, याचं एसीएल गेलंय, घसरेल का हो?" दर वर्षी तेच सांगते, म्हणून यंदा लिहूनच टाकते.

पहिल्यांदा तारीख बघा, दुखापतीचं नाव नंतर. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, नवं बसवलं की मैदानात परतायला साधारण ९ ते १२ महिने. हंगाम सुरू होतो सप्टेंबरात. ऑक्टोबरात गुडघा गेलेला पोरगा पुढच्या हंगामाला वेळेवर उभा राहू शकतो, जानेवारीतल्याचा मात्र निम्मा हंगाम गेला म्हणून समजा. जेमसन विल्यम्सचा गुडघा १० जानेवारी २०२२ ला, कॉलेजच्या अंतिम सामन्यात गेला. डेट्रॉइटने तरी निवडींची अदलाबदल करून, वर सरकून त्याला १२व्या नंबरवर उचललं, आणि तो मैदानात उतरला डिसेंबरात. या महिन्यांना एवढी किंमत का? तर नव्या खेळाडूचा करार ४ वर्षांचा असतो आणि पगार निवडीच्या नंबराप्रमाणे ठरलेला. एक वर्ष बाकावर गेलं की त्या स्वस्त करारातला पाव हिस्सा गेला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचं पाचवं वर्ष वाढवायची मुभा टीमला असते, त्यामुळे पहिल्या फेरीच्या शेपटाकडे जखमी पोरं घ्यायला टीम कमी कचरतात.

मग बघायचं, बिघडलंय काय. लिगामेंट नवं बसवता येतं, हाड जुळतं. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र पूर्वीसारखी होत नाही. यूसीएलए कॉलेजच्या माइल्स जॅकला सगळे पहिल्या पाचात धरत होते. वरवर मेनिस्कस फाटल्याची बातमी, म्हणजे गुडघ्यातली गादी. पण पुढेमागे कूर्चेचं ऑपरेशन लागू शकतं, हे त्याने स्वतःच बोलून दाखवलं. २०१६ मध्ये तो थेट ३६व्या नंबरवर गेला. कूर्चेचं ऑपरेशन झालं नव्हतं, नुसती शक्यता होती.

सगळ्यात बेभरवशाची ती नस. त्याच वर्षीचा नोत्र दाम कॉलेजचा जेलन स्मिथ घ्या. १ जानेवारीला फिएस्टा बोल या कॉलेजच्या सामन्यात दोन लिगामेंट तुटली, आणि सोबत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दुखावली. ही नस पावलाचा पंजा वर उचलते. मिरजेत ओपीडीत आम्ही अशा पेशंटला पहिला प्रश्न विचारायचो, "चालताना चप्पल पायातून निसटते का?" निसटत असेल आणि त्याला कळतही नसेल, तर तिथेच अर्धं निदान झालं. नस वाढते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि ती परत येईलच असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. मी त्याला चौथ्या फेरीत लिहून मोकळी झाले होते. डॅलसने ३४व्या नंबरवर घेतला. माझे वीस डॉलर गेले.

चुकले कुठे? तपासणी कुणी केली, हे मी बघितलंच नव्हतं. त्याचं ऑपरेशन करणारे सर्जन हेच काउबॉइजच्या, म्हणजे डॅलसच्या, टीमचे डॉक्टर होते. ती नस त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. इथे इंडियानापोलिसात फेब्रुवारी-मार्चमध्ये कंबाइन भरतं, म्हणजे ड्राफ्टआधी खेळाडूंची चाचणी. टीव्हीवर धावणं दाखवतात, पण टीमना खरा रस असतो तो वैद्यकीय तपासणीत. एकच गुडघा कितीतरी डॉक्टर वाकवून, पिळून बघतात, आणि शंका उरली तर एप्रिलमध्ये पुन्हा. निकाल प्रत्येक टीमचा वेगळा. तेव्हा "टीमनी नाव खोडलंय" अशी बातमी आली की विचारा, किती टीमनी? बत्तीसातल्या एकाच डॉक्टरने मान हलवली तरी पोराचं काम होतं.

हृदयाचंही तसंच. २०१३ मध्ये स्टार लोटुलेलेईच्या इकोत गडबड दिसली, नंतरच्या तपासण्या ठीक आल्या आणि तो १४व्या नंबरवर गेला. २०१८ मध्ये मॉरिस हर्स्टला हृदयाच्याच कारणाने कंबाइनमध्ये धावू दिलं नाही. तो पाचव्या फेरीत, १४०वा. तो खेळला पुढे, पण घसरला तो घसरलाच.

आता भाव. टीममध्ये निवडींची अदलाबदल करायला कोच जिमी जॉन्सनच्या काळात डॅलसमध्ये एक तक्ता बनला, तो अजून लोक वापरतात. त्यात ५व्या नंबराला १,७०० गुण, ३४व्याला ५६०. म्हणजे पहिल्या पाचातल्या पोराचा पाय परत येण्याची शक्यता तीनात एक वाटली तरी ३४व्या नंबरवर सौदा बसतो. स्मिथ २०१६ चा अख्खा हंगाम बसून राहिला, आणि २०१९ मध्ये प्रो बोलला, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंत, गेला. मार्कस लॅटिमोर मात्र १३१व्या नंबरवर गेला आणि एकही सामना न खेळता निवृत्त झाला. रनिंग बॅक होता, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा; त्याचं सगळं पोट गुडघ्यावर. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्याला, बाजार जास्त माफ करतो. क्वार्टरबॅक टुआ टागोवाइलोआचा खुबा नोव्हेंबर २०१९ मध्ये निखळला, सोबत हाडही मोडलं, आणि तरी पुढच्याच एप्रिलमध्ये मायामीने त्याला ५वा घेतला.

एक घरगुती युक्ती राहिली. सरावाच्या व्हिडिओत पोरगा शॉर्ट्सवर सरळ उभा असेल तिथे थांबवा. गुडघ्याच्या आतल्या अंगाला, जरा वर, थेंबासारखा स्नायू दिसतो. दोन्ही पायांवर सारखा दिसला तर मेहनत झालीय. ऑपरेशनच्या पायावर तो सपाट असेल तर धावण्याचे सेकंद कितीही छान असोत, मी एक फेरी खाली उतरवते. हल्ली आमच्याकडे ड्राफ्टच्या रात्री रिमोट माझ्या हातात देत नाहीत.