'लेट' वापरताना या चुका टाळा

'गाडी लेट आहे', 'आज लेट झाला' असं आपण मराठीतही दिवसभर बोलतो, त्यामुळे हे विशेषण आपल्याला चांगलंच येतं असं वाटतं. पण आपल्या बोलण्यात त्याचा एकच अर्थ आहे: उशीर. इंग्रजीत तो शब्द वाक्यात कुठे बसलाय हेही पाहावं लागतं.

नात्याच्या किंवा नावाच्या आधी आलेला 'लेट' म्हणजे कैलासवासी. 'माय लेट फादर' म्हणजे माझे दिवंगत वडील. तोच शब्द क्रियापदानंतर टाकून 'माय फादर इज लेट' म्हटलं, की बाबांना यायला उशीर झालाय. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वानाकडच्या इंग्रजीत 'ही इज लेट' म्हणजे 'तो वारला' असंही होतं, पण आपल्या अर्जांत तसं लिहू नका.

अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांत तर फार जपायला हवं. 'द वाइफ ऑफ द लेट मिस्टर पाटील' म्हणजे पाटील वारले, पत्नी हयात आहे. 'द लेट वाइफ ऑफ मिस्टर पाटील' म्हणजे पत्नी वारली. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जात हा शब्द 'वाइफ'च्या आधी सरकला, तर अर्ज करणारी बाईच कागदावर मृत ठरते. मराठीत 'कै.' ज्या नावाला लावाल, इंग्रजीत 'लेट'ही त्याच नावाला लावा. सही करण्यापूर्वी एवढं एकदा तपासाच.

'माजी' या अर्थी 'लेट' लिहू नका, तिथे 'फॉर्मर' हवं. अब्दुल कलाम 2007 मध्ये पद सोडल्यावर 'फॉर्मर प्रेसिडेंट' झाले. त्यांच्या नावाआधी 'लेट' लागलं ते 2015 मध्ये त्यांचं निधन झाल्यावर. शिवाय हा शब्द अलीकडच्या काळात गेलेल्या माणसांसाठीच शोभतो. 'द लेट लता मंगेशकर' ठीक, पण 'द लेट लोकमान्य टिळक' इंग्रजी कानाला खटकतं.

आता उशिराकडे. 'मला उशीर होतोय' याचं आपण सरळ 'आय ॲम गेटिंग लेट' करतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, मीही त्याला फार नावं ठेवणार नाही. परदेशी परीक्षेत किंवा मुलाखतीत मात्र 'आय ॲम रनिंग लेट' म्हणा. 'इट इज गेटिंग लेट' म्हणजे वेळ बरीच झाली, रात्र होत आली.

'ही केम लेटली' हे 'तो उशिरा आला' या अर्थी साफ चूक. 'लेटली' म्हणजे हल्ली, अलीकडे. 'उशिरा' म्हणायला नुसतं 'लेट' पुरतं: 'ही केम लेट'. शाळेला उशीर झाला तर 'लेट फॉर स्कूल', भाडं थकलं तर 'लेट विथ द रेंट'.

'शी इज इन हर लेट थर्टीज' यात उशिराचा संबंधच नाही. बाई साधारण 37 ते 39 वर्षांची आहे, एवढंच. तसंच 'द लेट नाइन्टीज' म्हणजे नव्वदच्या दशकाची शेवटची काही वर्षं.

आणि लेखकाला भेटलात तर 'युअर लास्ट बुक' म्हणण्याआधी थांबा. त्याचं आणखी लिहायचं चालू असेल तर नव्या पुस्तकाला 'लेटेस्ट बुक' म्हणावं. 'लास्ट'मधून यापुढे पुस्तक येणारच नाही, असंही ऐकू येतं.