जुन्या इंजिनावर एसी बसवताना: आधी पुल्यांची रेषा, मग गॅस

कंपनीतून एसीविना आलेल्या जुन्या गाडीला मी पहिल्यांदा एसी बसवला, तेव्हा गारवा पहिल्याच दिवशी झकास मिळाला. चौथ्या दिवशी गाडी परत आली. बॉनेट उघडलं तर ब्रॅकेटवर, होजवर, बॅटरीच्या ट्रेवर सगळीकडे रबराची काळी भुकटी. कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारं यंत्र) ज्याच्यावर चालतो तो पट्टा काढून बोटांतून फिरवला. एका बाजूची कड अजून खरखरीत होती, दुसरी काचेसारखी गुळगुळीत, आणि तिच्यातून धागे डोकावत होते.

मला हे कळेना, कारण पुल्या, म्हणजे पट्टा ज्यांवर फिरतो ती खाचेची चाकं, मी स्वतः जुळवल्या होत्या. लोखंडी पट्टी क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरच्या पुलीच्या) तोंडावर आडवी धरली होती आणि ती कॉम्प्रेसरच्या पुलीला नीट टेकली होती. मग उस्तादांनी हातात व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) दिला आणि म्हणाले, "तोंडं कशाला जुळवतोस? पट्टा खाचेत चालतो." मोजलं. क्रँक पुलीच्या खाचेचा मध्य तोंडापासून ९ मिमी आत होता, कॉम्प्रेसरचा १२ मिमी. म्हणजे तोंडं एका रेषेत आणि खाचा ३ मिमी मागेपुढे. दोन पुल्यांच्या केंद्रांत अंतर जेमतेम ३०० मिमी, त्यामुळे पट्टा अर्ध्या अंशाहून जास्त तिरका चालत होता. व्ही पट्टा, म्हणजे पाचरीच्या आकाराचा साधा पट्टा, साधारण अर्धा अंशच तिरकेपणा सोसतो. बारीक शिरांचा पॉली-व्ही तर त्याहूनही कमी. कॉम्प्रेसरच्या बोल्टाच्या कानांमागे ३ मिमीच्या शिम (पातळ चकत्या) घातल्या, नवा पट्टा चढवला, आणि भुकटी थांबली.

या कामात नव्याने येणाऱ्याचं सगळं लक्ष गॅसवर असतं, हे मी पुढे शिकायला आलेल्या मुलांतही पाहिलं. गेज, व्हॅक्यूम पंप, सिलिंडर हे सगळं आकर्षक दिसतं. पण गॅसचं काम पुस्तकातल्या पायऱ्यांनी शिकता येतं. जुन्या इंजिनावर कॉम्प्रेसर कुठे आणि कसा बसेल, हे कुठल्याच पुस्तकात तुमच्या गाडीसाठी लिहिलेलं नसतं. ते मोजूनच काढावं लागतं.

तर मोजायचं काय? पहिलं, खाचेची रुंदी. जुन्या इंजिनांवर बहुतेक १० मिमीचा व्ही पट्टा असतो आणि बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्रेसरची खाच बरेचदा १३ मिमीची. अरुंद पट्टा रुंद खाचेत घातला की तो खाली बसतो. व्ही पट्ट्याची सगळी पकड त्याच्या दोन तिरक्या कडांत असते. तो तळाला टेकला की पाचरीसारखा आवळत नाही, नुसता घसरतो. खाचेचा तळ चकाकताना दिसला तर पट्टा चुकीचा आहे हे नक्की समजा. पट्ट्याची वरची पाठ खाचेच्या काठाशी जवळपास समतल हवी. आणि पॉली-व्ही पट्टा व्ही खाचेवर चालवायचा विचारही करू नका. त्याच्या शिरा ३.५६ मिमी अंतरावर असतात, त्यांना त्याच मापाची पुली लागते. एकाच पट्ट्यावरच्या सगळ्या पुल्या एकाच जातीच्या हव्यात.

दुसरं, व्यासाचं प्रमाण. क्रँक पुलीचा व्यास भागिले कॉम्प्रेसर पुलीचा व्यास, गुणिले इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. क्रँक १४० मिमी आणि कॉम्प्रेसर १२५ मिमी असेल तर प्रमाण १.१२. इंजिन ५५०० वर गेलं की कॉम्प्रेसर ६१६० वर. हा आकडा कॉम्प्रेसरच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा. मर्यादा ओलांडत असेल तर मोठी क्लच पुली (कॉम्प्रेसर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या विजेच्या क्लचची पुली) शोधायची. उलट पुली फारच मोठी घेतली तर आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद फिरत असताना, गारवा पडत नाही आणि सिग्नलला उभ्या गाडीत घाम फुटतो. जुन्या छोट्या इंजिनांसाठी मला ५०८ जातीचा कॉम्प्रेसर पटतो. पाच सिलिंडर, १३८ सीसी, आणि दोन सिलिंडरच्या जुन्या कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी कमी थरथर.

एसीच्या पट्ट्यासाठी क्रँक पुलीला जादा खाच हवी असेल तेव्हा खरी कसोटी लागते. त्याच इंजिनाच्या एसीवाल्या मॉडेलची पुली मिळाली तर उत्तम, पण ती चढवण्याआधी टायमिंगची खूण (ठिणगीची वेळ जुळवायची रेघ) जुन्या पुलीशी जुळवून पाहा. पुली दोन भागांची आणि मध्ये रबर असेल तर ती कंपनं शोषणारी डँपर पुली असते. तिच्यावर वेल्डिंग कधीही करू नका, रबर जळतं आणि बाहेरची कडी सरकते. लेथवर वेगळी रिंग करून पुढून बोल्टने कसायची असेल, तर मध्य अचूक साधून घ्या. किंचित डुगडुग असली तरी पट्टा उड्या मारतो.

ब्रॅकेट ब्लॉकला किंवा हेडला जाड बोल्टांनी धरा आणि मागून एक तिरका आधार द्या. पत्र्याचं ब्रॅकेट थरथरून काही महिन्यांत वेल्डपाशी चिरतं. क्लचच्या तबकडीतली फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) तपासा, ०.४ ते ०.८ मिमीच्या आत हवी. क्लचच्या कॉइलला वीज रिलेमधून (जास्त प्रवाह पेलणाऱ्या विजेच्या स्विचमधून) द्या, नाहीतर जुना स्विच तापतो. इंजिन कार्ब्युरेटरचं असेल तर एसी लागताच फेरे किंचित वाढवणारी आयडल-अपची सोय करा, म्हणजे गाडी बंद पडणार नाही.

गॅसबद्दल थोडक्यात. जुनी यंत्रणा आर-१२ या जुन्या गॅसची असेल आणि तुम्ही त्याजागी आर-१३४ए गॅस भरणार असाल, तर कॉम्प्रेसरचं तेल बदलावंच लागतं. जुनं मिनरल तेल या नव्या गॅसबरोबर नीट फिरत नाही. ड्रायर (यंत्रणेतला ओलावा शोषणारा डबा) नवा घ्या आणि त्याची टोपणं सगळ्यात शेवटी काढा, नाहीतर तो हवेतला ओलावा पिऊन बसतो. जोडातल्या रबरी ओ-रिंगला तेल लावा, जोड दोन पान्यांनी कसा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम ओढा आणि गेजची सुई जागेवर राहते का ते पाहा. गॅस भरताना गॉगल घाला. हाताला लागला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

आता मी गॅसआधी एक तास फक्त पट्ट्याला देतो. ताणाचं माप असं: दोन पुल्यांमधल्या दर १०० मिमीला मध्यभागी अंगठ्याने दीडेक मिमी दबला पाहिजे. मग क्लच लावून-सोडून इंजिन चालवायचं आणि कान द्यायचा. लांब किंकाळी आली तर पट्टा घसरतोय. चिमणीसारखी तुटक चिवचिव आली तर रेषा बिघडली आहे, आणि तेव्हा ताण वाढवून ती दाबू नका, बेअरिंग जाईल. नवा पट्टा थोडा चालला की ढिला पडतो, म्हणून गाडी देतानाच आठवड्याभराने परत बोलावतो. आली की आधी ब्रॅकेटवरून पांढरा कपडा फिरवतो. कपडा पांढराच राहिला, की ताण पुन्हा मोजून गाडी सोडतो.