कादंबरीवर लिहिताय? निदान या चुका टाळा

वर्गातले निबंध असोत की वाचकगटात आलेली परीक्षणं, चुका त्याच त्या. त्यात पहिला मान एकीचाच: निवेदकालाच, म्हणजे कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्यालाच, लेखक समजणं.

एका महाविद्यालयात तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी. एक विद्यार्थी ठणकावून म्हणाला, "लेखिकेने स्वतः भोगलेलं वैधव्य इथे प्रामाणिकपणे मांडलं आहे." लेखिका कोण, मी विचारलं. "यमू, सर." मग मुखपृष्ठावर हरि नारायण आपट्यांचं नाव कसं? जरा थांबून उत्तर आलं, "संपादन केलं असेल त्यांनी." माझे सहपरीक्षक खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. यमू म्हणजे कादंबरीत गोष्ट सांगणारं पात्र; मुलाने पुस्तक उघडलंच नव्हतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या कुणाच्या तरी नोट्सवर त्याची सगळी मदार होती.

हसू नका. कादंबरी वाचलेलेही हेच करतात, फक्त जरा सभ्य भाषेत. "आपटे म्हणतात की सासरी मुलींचा छळ होतो." कुठे म्हणतात? १८९० च्या दशकात 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलेली ही कादंबरी एका पुरुषाने अख्खी एका बाईच्या तोंडून वदवली. त्यांचं सगळ्यात मोठं धाडस ते. "लेखक म्हणतो" लिहिलंत की नेमकं तेच पुसलं जातं. नीट वाचलं तर यमूही दोन आहेत. एक मोठ्यांचं बोलणं अर्धवट समजणारी पोर, दुसरी सगळं भोगून झाल्यावर आठवून सांगणारी बाई. पोरीला जे कळत नाही ते बाईला ठाऊक आहे, म्हणून तर साध्या प्रसंगातही वाचकाच्या पोटात कालवतं.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' कादंबरीत (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. तिथलं वाक्य "खांडेकरांचे विचार" म्हणून उतरवण्याआधी ते कुणाच्या तोंडचं आहे ते बघा. देवयानी शर्मिष्ठेबद्दल बोलते ती फिर्याद आहे, निकाल नव्हे.

मी प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहितो: कोण सांगतंय, घडून गेल्यावर किती काळाने, कुणाला. (ग्रंथालयाच्या पुस्तकात नाही. तेवढी लाज राखा.)

कथानकाच्या नावाखाली गोष्ट सांगू नका. "राजा मेला आणि मग राणी मेली" ही गोष्ट, "राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली" हे कथानक. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये दिलेलं हे उदाहरण सगळे उतरवतात आणि खाली चार पानं "मग... मग..." करत कादंबरीचा सारांश लिहितात.

"आशयसूत्र: प्रेम." हा झाला विषय. प्रेमाबद्दल ही कादंबरी काय म्हणते ते आशयसूत्र; ते पूर्ण वाक्यात लिहा. वाक्य होत नसेल तर पुन्हा वाचा.

नायक आवडला नाही म्हणजे व्यक्तिचित्रण फसलं असं होत नाही.

वातावरण म्हणजे डोंगर-झाडांचं वर्णन, हाही एक लाडका गैरसमज. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, शेवटी मास्तरालाही निघावं लागतं. तिथला दुष्काळ काढून बघा, शेवटच उरत नाही. असं असताना "ग्रामीण वातावरण छान उभे केले आहे" एवढंच लिहिणाऱ्याला मी निम्मेही गुण देत नाही.

आता प्रतीकं. इथे नवशिक्यांची घाई बघवत नाही. नदी आली की जीवन, कावळा आला की मृत्यू, खिडकी उघडली की स्वातंत्र्य. जी. ए. कुलकर्णींच्या कथा हातात पडल्यावर तर या मंडळींना दगडही साधा दिसत नाही. जी. एं.ची प्रतीकं खरीच आहेत, पण ती कथेत मुरलेली आहेत, यादीतून आलेली नाहीत. मी एखाद्या वस्तूला प्रतीक म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासतो: ती पुन्हा येते का, वळणाच्या जागी येते का, आणि दर खेपेला तिचा अर्थ थोडा बदलतो का. एकाचंही उत्तर 'हो' आलं नाही तर कावळ्याला कावळाच राहू द्या. "प्रतीकांची यादी मिळेल का?" असं विचारणाऱ्यांना मी गोष्ट परत वाचायला पाठवतो. बरेच जण परत येत नाहीत.

राहता राहिली "ओघवती भाषा". हे दोन शब्द वर्षभर तरी बंद ठेवा. कोणत्या वाक्याला ओघ आहे आणि तो कशाने आला, ते वाक्य उतरवून दाखवा. 'श्यामची आई'ची भाषा ओघवती आणि 'कोसला'चीही ओघवती असेल, तर तुम्ही दोन्ही वाचलेली नाहीत.